तिकोनी जागेत गोल पार : कोनदुभाजकाच्या आखणीच्या नोंदी

6 जानेवारी

जागा परभणी जिल्ह्यातल्या काळ्या मातीच्या गावातली. शाळेच्या मागं दोन विटांच्या भिंती आणि रस्त्याकडचं तारेचं कुंपण यांच्यामध्ये एक तिकोनी तुकडा पडीक आहे. मधोमध लिंब (कडुलिंब) लावायचा आणि त्याभोवती गोल पार बांधायचा, एवढंच काम. पाराभोवती तिन्ही बाजूंनी वाट सारख्याच रुंदीची राहिली पाहिजे.

गाडी अडली ती ‘मधोमध’वरच. तिन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर असणारा बिंदू हवा, म्हणजे अंतर्मध्य. तिन्ही कोनांचे दुभाजक मिळतात ती जागा. सातवीच्या पुस्तकात तो पट्टी-कंपासनं पाच मिनिटांत निघतो. जमिनीवर त्याला किती दिवस लागले ते खाली आहे.

थेट जागेवर न जाता आधी मैदानावर फक्कीनं (आखणीच्या पांढऱ्या भुकटीनं) एक तालीम करायची ठरली. सामान : 12 मिमी सळईचे अर्ध्या मीटरचे आठ तुकडे, 30 मीटरचा फायबर टेप, गवंड्याची लाईनदोरी, सोयाबीनच्या कट्ट्यांची सुतळी (ती घेऊ नका, कारण उद्याच्या नोंदीत), फक्कीची एक गोणी. खर्च 640 रुपये. सळई जुनी होती, तिचे पैसे धरलेले नाहीत.

7 जानेवारी

तालमीसाठी 13, 14 आणि 15 मीटर बाजूंचा त्रिकोण घेतला. हा त्रिकोण मुद्दाम निवडलाय. याची जवळजवळ सगळी मापं पूर्ण आकड्यांत येतात, त्यामुळं चूक लगेच उघडी पडते. क्षेत्रफळ 84, अर्धपरिमिती 21, अंतर्वर्तुळाची त्रिज्या बरोबर 4.

पाया ब-क 14 मीटर. ब पासून 13 चा आणि क पासून 15 चा कंस, जिथं छेदले तिथं अ. पडताळा सोपा आहे : ब पासून 5 मीटरवर पायावर खुंटी ठोकायची, तिथून अ पर्यंत 12 मीटर भरलं पाहिजे. कारण 5-12-13 आणि 9-12-15 असे दोन काटकोन त्रिकोण पाठीला पाठ लावून बसलेले आहेत.

आमचं भरलं 11.91. नऊ सेंटीमीटर कमी. दोष सुतळीचा. 15 मीटरची सुतळी एकानं ताणली की वेगळी, दुसऱ्यानं ताणली की वेगळी. सुतळी बाद केली. लांबी टेपनंच मोजायची आणि दोरी फक्त सरळ रेष दाखवायला वापरायची, असं ठरलं. दुसऱ्या वेळेस 12.01 आलं. तेवढं चालतं.

लाकडी खुंट्याही इथंच बाद झाल्या. पावसाळ्यानंतर ही माती आकसत जाते. भेगेच्या काठाला ठोकलेली खुंटी दोरीच्या ताणानं बोटभर सरकते आणि कळतही नाही. सळई ठोकायची, भेग टाळायची आणि डोक्यावर खडूची खूण करायची.

8 जानेवारी

आज फक्त कोन अ दुभागायचा होता. अख्खा दिवस गेला.

पहिला प्रयत्न फळ्यावरच्या मोठ्या कोनमापकानं. कोन 59.5 अंशांचा आहे, निम्मा पावणेतीसच्या आसपास. कोनमापकावर एक अंश म्हणजे जेमतेम रेघेची जाडी, पण 12 मीटरवर तोच एक अंश 21 सेंटीमीटर होतो. आमची रेष समोरच्या बाजूवर 17 सेंटीमीटर बाजूला उतरली. जमिनीवर कोन मोजू नका, अंतरं मोजा. पुढचं सगळं काम याच एका गोष्टीवर चाललं.

दुसरा प्रयत्न नववीच्या मुलांचा. त्यांनी अ पासून समोरच्या बाजूच्या मध्याला, म्हणजे 7 मीटरच्या खुणेला दोरी बांधली आणि ‘झालं सर’ म्हणून मोकळी झाली. ही मध्यगा, दुभाजक नव्हे. दोन्ही एकच असतात ते फक्त लगतच्या दोन बाजू सारख्या असल्या तरच. दुभाजक समोरच्या बाजूचे तुकडे लगतच्या बाजूंच्या प्रमाणात पाडतो. इथं 13 : 15, म्हणजे 14 चे 6.50 आणि 7.50. दहावीच्या समरूपतेच्या प्रकरणातलं प्रमेय ते हेच. या त्रिकोणात पायावरच्या चार खुणा ब पासून ओळीनं अशा पडतात : 5 वर शिरोलंबाचा (अ पासून टाकलेल्या लंबाचा) पाया, 6 वर अंतर्वर्तुळाचा स्पर्शबिंदू, 6.50 वर दुभाजक, 7 वर मध्य. फक्कीनं चारही खुणा शेजारी शेजारी टाकल्यावर मुलांचा गोंधळ संपला. फळ्यावरच्या आकृतीत या खुणा एकमेकींत मिसळून जातात.

तिसरा प्रयत्न कंपासच्या रीतीनं. अ पासून दोन्ही बाजूंवर एकेक मीटरवर खुणा, त्यांचा मध्य काढायचा आणि अ पासून त्या मध्यातून दोरी पुढं न्यायची. रीत बरोबर, माप चुकीचं. तो मध्य अ पासून जेमतेम 87 सेंटीमीटरवर येतो आणि तिथून रेष 12 मीटर लांबवायची, म्हणजे चौदा पट. मध्यबिंदू एक सेंटीमीटर हलला की पलीकडं चौदा सेंटीमीटरची चूक. वहीत कंस लहान घेतला तरी चालतं, कारण रेषही वहीपुरतीच असते.

चौथी रीत जमली. अ पासून दोन्ही बाजूंवर 6-6 मीटरवर सळया. त्या दोन्ही सळयांपासून पुन्हा 6-6 मीटरचे कंस आत टाकायचे. समभुज चौकोन होतो आणि त्याचा चौथा कोपरा अ पासून 10.42 मीटरवर दुभाजकावर पडतो. तिथून पलीकडं पावणेदोन मीटरसुद्धा उरत नाहीत, चूक वाढायला जागाच नाही. पायावर 6.52 आलं, हवं होतं 6.50. संध्याकाळ झाली होती, सोडून दिलं.

9 जानेवारी

ब आणि क चे दुभाजकही याच रीतीनं काढले. तिन्ही दोऱ्या एका बिंदूत मिळायला हव्यात. मिळाल्या नाहीत. मध्ये नऊ सेंटीमीटर बाजूचा छोटा त्रिकोण राहिला.

इथं सगळ्यांचा पहिला विचार असतो की त्या छोट्या त्रिकोणाचा मध्य धरून पुढं जावं. तसं करू नका. ती नुसती चुकांची सरासरी होते, चूक तशीच राहते. तिन्ही दुभाजक समोरच्या बाजूंवर कुठं उतरतात ते तपासा. अ चा 6.52 वर, ठीक. ब चा दुभाजक अ-क वर अ पासून 15 × 13 ÷ 27, म्हणजे 7.22 वर उतरायला हवा. तोही ठीक. क चा दुभाजक अ-ब वर अ पासून 13 × 15 ÷ 29, म्हणजे 6.72 वर हवा होता, आमचा पडला 6.58 वर. चौदा सेंटीमीटर. दोष एकट्या क मध्ये होता.

कारण हास्यास्पद निघालं. क च्या सळईला टेपची कडी अडकवली होती. कडीचा आतला काठ सळईच्या बाहेरच्या अंगाला टेकतो, त्यामुळं माप सळईच्या मध्यापासून न होता तिच्या काठापासून होतं. एका बाजूचा कंस कडी लावून घेतला होता, दुसरा टेप हातात धरून. फरक थोडाच, पण एकाच बाजूला पडला. त्यात तिथली एक सळई तिरकीही होती. सगळी मापं टेपच्या 10 सेंटीमीटरच्या रेघेपासून धरून पुन्हा घेतली. छोटा त्रिकोण दोन सेंटीमीटरचा झाला, आणि मग त्याचा मध्य धरायला हरकत नव्हती.

दुपारी वर्तुळ. अंतर्मध्यापासून बाजूपर्यंतचं अंतर लंबानं मोजायचं असतं. त्यासाठी टेप झुलवून सगळ्यात कमी आकडा येईल तो धरायचा. आकडा चांगला मिळतो : 4.00, 4.01, 3.99. पण तो *कुठं* मिळाला ते झुलवून कळत नाही. स्पर्शबिंदूपासून 40 सेंटीमीटर बाजूला गेलं तरी अंतर 4.02 च होतं, टेपवर दोनच सेंटीमीटरचा फरक. आमच्या तीन मुलांनी तीन वेगळे स्पर्शबिंदू दाखवले आणि तिघांचाही आकडा 4.00 च होता.

म्हणून स्पर्शबिंदू शिरोबिंदूपासून मोजून काढायचे. अर्धपरिमितीतून समोरची बाजू वजा करायची : अ पासून 21 − 14 = 7, ब पासून 6, क पासून 8. शिरोबिंदूपासून दोन्ही बाजूंवर तेच अंतर, त्यामुळं प्रत्येक खूण दोन टोकांकडून तपासता येते. 4 मीटरची दोरी फिरवली, फक्की टाकली, वर्तुळ तिन्ही खुणांवरून गेलं.

बाह्य कोनाचा दुभाजकही दाखवायचा होता. अ जवळचा बाहेरचा दुभाजक ब-क ला वाढवलेल्या रेषेवर ब च्या पलीकडं 91 मीटरवर मिळतो (14 × 13 ÷ 2). तिथं तुरीचं शेत आहे. बाजू जितक्या जवळजवळ सारख्या, तितका हा बिंदू लांब पळतो. म्हणून आतला आणि बाहेरचा दुभाजक एकमेकांना काटकोनात असतात तेवढंच 3-4-5 च्या दोरीनं दाखवलं आणि विषय मिटवला.

13 जानेवारी

आता खरी जागा. पहिल्याच मापाला घोळ. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात 45 सेंटीमीटरचा खांब आत आलेला आहे. शिरोबिंदू खांबाच्या पोटात, तिथं ना सळई ठोकता येते ना टेप धरता येतो. खांबाच्या काठापासून मोजून बघितलं. त्यातून जो त्रिकोण तयार झाला तो कुठल्याच जागेचा नव्हता, सकाळ वाया गेली.

तोडगा दुभाजकाच्या गुणातच आहे. दुभाजकावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही भुजांपासून सारख्या अंतरावर असतो. म्हणून तिन्ही बाजूंना आतून सारख्याच अंतरावर समांतर दोऱ्या बांधल्या, तर आतल्या लहान त्रिकोणाचे दुभाजक तेच राहतात आणि अंतर्मध्यही तोच राहतो. त्रिज्या फक्त तेवढ्या अंतरानं कमी होते. आम्ही 50 सेंटीमीटर आत आलो. खांब सुटला, तिन्ही कोपरे मोकळ्या जमिनीवर आले.

अट एकच, अंतर तिन्हीकडं *सारखं* हवं आणि लंबानं घेतलेलं हवं. गुण्या (गवंड्याचा काटकोन) भिंतीला लावून प्रत्येक भिंतीवर तीन ठिकाणी घेतलं. कुंपणाकडं चूक झाली. अंतर तारेपासून धरलं आणि सिमेंटचे खांब आत आठ सेंटीमीटर येतात हे नंतर लक्षात आलं. माणूस अडखळणार खांबाला, तारेला नव्हे. दोरी आठ सेंटीमीटर आत घेतली. कडा कुठली धरायची हे टेप उघडण्याआधी ठरवा.

14 जानेवारी

संक्रांत, सुट्टी. कागदावरचा हिशेब केला.

दोऱ्यांच्या त्रिकोणाच्या बाजू : अ-ब 14.40, अ-क 17.20, ब-क (कुंपणाकडची) 19.60. अर्धपरिमिती 25.60. स्पर्शबिंदूंची अंतरं अ पासून 6.00, ब पासून 8.40, क पासून 11.20. क्षेत्रफळ 25.60 × 6.00 × 8.40 × 11.20 चं वर्गमूळ, म्हणजे 120.2 चौरस मीटर. त्याला 25.60 नं भागलं की त्रिज्या 4.70. भिंतीपर्यंत 5.20.

वाट 1.70 मीटरची ठेवली तर पाराची त्रिज्या 3.50 उरते. परीघ 22 मीटर, हिशेबालाही सोयीचा.

अंतर्मध्य शोधायला इथं समभुज चौकोन काढले नाहीत. त्रिज्या आणि स्पर्शबिंदू हाती असले की शिरोबिंदूपासूनचं अंतर पायथागोरसनं निघतं : ब पासून 9.62, क पासून 12.14, अ पासून 7.62. दोन टेपनी ब आणि क पासून छेद घ्यायचा, अ पासून तपासायचं.

16 जानेवारी

छेद घेतला. अ पासून 7.62 हवं होतं, आलं 7.58. चार सेंटीमीटर.

जमिनीला उतार आहे, 14 मीटरला 22 सेंटीमीटर. दोष त्याचाच असणार म्हणून पाण्याची लेव्हल नळी आणून अर्धा दिवस पातळी घेत बसलो. शेवटी हिशेब केला तर एवढ्या उतारानं 14.40 मीटरच्या मापात दोन *मिलिमीटर*सुद्धा फरक पडत नाही. हा हिशेब आधी करायला दोन मिनिटं लागली असती.

खरा दोष दुसरा टेप उसना होता त्यात. दोन्ही टेप शेजारी अंथरले तर 12 मीटरवर तीन सेंटीमीटरचा फरक, उसना टेप ओढून ओढून लांबलेला. सगळं एकाच टेपनं पुन्हा घेतलं. अ पासून 7.63. दुभाजक कुंपणाच्या दोरीवर ब पासून 8.93 वर उतरला पाहिजे, 8.94 वर उतरला. भिंतींपासून 5.20 आणि 5.21, कुंपणाच्या खांबांपासून 5.20.

19 जानेवारी

या नोंदीतली सगळ्यात मोठी चूक. लिंबाचा खड्डा उन्हाळाभर तापू द्यायचा म्हणून आजच खोदून घेतला, 1.20 मीटर व्यासाचा आणि 90 सेंटीमीटर खोल. खड्डा बरोबर मध्यबिंदूवर, म्हणजे मध्याची सळई मातीबरोबर बाहेर. वर्तुळ अजून आखायचं होतं.

मध्य पुन्हा काढता आला, कारण अ, ब, क च्या सळया जागेवर होत्या. पण खड्ड्यावर छेद घ्यायचा कशावर? फळी आडवी टाकून तिच्यावर खिळा मारला. दोरी फिरवताना फळी हलली आणि फक्कीचं वर्तुळ सहा सेंटीमीटरनं चुकून बंद झालं. शेवटी खड्ड्याच्या तळात दीड मीटरचा लोखंडी पाईप ठोकला, तोंडाशी जमिनीच्या पातळीवर आला, ओळंब्यानं सरळ केला. मग वर्तुळ जुळलं. दिवस गेला, पाईपचे 310 रुपये गेले.

हे करणार असाल तर आधी वर्तुळ, मग खड्डा. आणि मध्य गाडण्याआधी दुभाजकांवर, कामाच्या बाहेर, साक्षीच्या सळया ठोकून ठेवा. प्रत्येक दुभाजकावर मध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, अशा दोन दुभाजकांवर चार पुरतात.

21 ते 24 जानेवारी

पाया : काळ्या मातीवर थेट वीट ठेवली तर पहिल्याच उन्हाळ्यात गोल तडकतो. 3.59 आणि 3.19 त्रिज्येची दोन वर्तुळं आखून मधला पट्टा 45 सेंटीमीटर खोदला, मुरूम थराथरानं पाणी मारून धुमसला, वर दहा सेंटीमीटर काँक्रीट. उतारामुळं पाराच्या एका अंगाला दुसऱ्यापेक्षा 11 सेंटीमीटर खोल जावं लागलं. लेव्हल नळी इथं मात्र उपयोगी पडली.

विटा 23 × 11 सेंटीमीटर, तोंडं बाहेर करून. पहिल्या थराला गवंड्यानं बाहेरून एक सेंटीमीटरचा सांधा धरला. बाहेरचा परीघ 22 मीटर, आतला 20.5, म्हणून आतल्या अंगाला विटा एकमेकींना भिडल्या आणि माल शिरेना. अर्धा गोल उसवून दीड सेंटीमीटरच्या सांध्यानं लावला. थराला 176 विटा, दोन थरांना 352, तुटफूट धरून 360 आणल्या.

मध्याच्या पाईपवर लाकडी गुल्ली बसवून तिला 3.50 ची पट्टी लावली होती. दोरीऐवजी पट्टी, कारण गवंडी प्रत्येक विटेला दोरी थोडी ओढतोच.

2 फेब्रुवारी

भराव : हिशेबानं पायाला दीड आणि आत दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), म्हणून साडेतीन ब्रास मुरूम मागवला. धुमसल्यावर आत तीन बोटं कमी पडला, अर्धा ब्रास आणखी आणावा लागला.

खर्च : विटा 3,240, मुरूम चार ब्रास वाहतुकीसह 6,000, सिमेंट पाच गोण्या 1,900, वाळू 2,500, गवंडी तीन दिवस 2,700, मजूर 3,000. एकूण 19,340. तालमीचे 640 आणि पाईपचे 310 वेगळे. खडी जुन्या कामाची पडलेली होती.

आखणीला सात दिवस लागले. त्यातले निदान साडेतीन चुका शोधण्यात गेले.

27 जून

दोन चांगले पाऊस झाले. खड्ड्यात शेणखत आणि वरची माती घालून लिंब लावला. पाईप काढताना वाकला, तो तसाच भंगारात.

पाराला दोन ठिकाणी केसासारखी चीर आहे, दोन्ही उताराकडच्या अंगाला. तिथं मात्र पायाचा मुरूम एकाच दमात भरला होता, थर करून धुमसला नव्हता. सध्या सिमेंटचं पाणी सोडलंय, पावसाळ्यानंतर उकरून बघायचं.

रोपाच्या बुंध्यापासून पुन्हा मोजलं : पूर्वेची भिंत 5.18, उत्तरेची 5.22, कुंपणाचा खांब 5.20. रोप लावताना पूर्वेकडं दोन बोटं सरकलंय.